शेजारच्या खाटेचा डबा

गजेंद्र भटकरचा मला हेवा वाटतो, हे मी आधीच सांगून टाकतो. लपवाछपवी मला जमत नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, बावीस वर्षं फौजेत काढलेला, त्यातली चौदा ड्रिल उस्ताद म्हणून, आणि शेजारच्या खाटेवरच्या एका ट्रक ड्रायव्हरवर जळतो. हसायचं असेल तर हसा.

आमचं घर अमरावतीच्या कॅम्प भागात आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या वऱ्हाडी शिपायांसाठी कुण्या गोऱ्या साहेबाने ते बांधलं म्हणतात. काळ्या दगडाच्या भिंती, सागाच्या तुळया, समोर कडुनिंबांनी वेढलेलं परेडचं मैदान. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण ऑटोवाल्याला ‘पलटणघर’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. आम्ही एकोणीस म्हातारे तिथे राहतो. कुणाचं कुणी उरलं नाही म्हणून आला, कुणाला घरच्यांनी आणून टाकलं. मी माझ्या मर्जीने आलो, त्याला अकरा वर्षं झाली.

या घरात एक रीत पहिल्या दिवसापासून चालत आली आहे. घरून डबा आला तर तो एकट्याने खायचा नाही. शेजारच्या खाटेसमोर उघडायचा, पहिला घास त्याला द्यायचा, मग आपण तोंड लावायचं. बराकीतलीच रीत ती. मी आलो तेव्हा ती ढिली पडली होती, लोक उशीखाली लाडू दडवून ठेवत होते. मी सगळ्यांना वठणीवर आणलं. एका रिटायर्ड सुभेदाराला तर भर जेवणघरात शेवेचा पुडा उघडायला लावला होता. म्हणजे पुढे जे झालं त्याची तयारी मीच करून ठेवली होती.

माझी मुलगी आरती अकोल्याला असते, बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवते. एक रविवार आड ती दहाच्या सुमारास डबा घेऊन येते. तिची आई, वच्छला, गेली तेव्हा आरती दहावीत होती. तेव्हापासून माझं म्हणावं असं या जगात तीच एक आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं वाटायचं.

आठ महिने शेजारची खाट रिकामी होती, त्यामुळे रीत न मोडता मी डबा एकटाच खात होतो. फार सुखाचे दिवस होते. मग पोळा झाल्यावर बाळापूरचा एक पुतण्या आपल्या काकाला पेटीसकट दारात उतरवून गेला. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही त्याने. हा काका म्हणजे गजेंद्र. बायको वारलेली, पोरबाळ नाही. फौजेत पंधरा वर्षं ट्रक चालवला. चालताना डावा पाय ओढतो, बोलताना थांबत नाही आणि ज्याला त्याला हसवतो. मला पहिल्या दिवसापासून ‘उस्ताद’ म्हणायला लागला. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्या रविवारी आरतीने रश्शातल्या बेसनाच्या पाटोड्या आणल्या होत्या. मी रीतीप्रमाणे डबा त्याच्यासमोर उघडला. त्याने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळेच मिटले.

“पोरी, ह्या तू केल्या? अवं बापा! भल्ली चव हाय. माह्या मायची याद आली.”

“काका, रस्सा जरा पातळ झाला,” आरती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“पातळच पायजे. भाकर बुडाली पायजे ना.”

मग ती माझ्याकडे वळली. “बाबा, तुमाले कशा लागल्या?”

“मीठ कमी हाय,” मी म्हणालो.

मीठ बरोबर होतं. पण मी नेहमी तेच म्हणत आलो आहे. रंगरूटाला शाबासकी दिली की तो दुसऱ्या दिवशी पाय कमी उचलतो, हे मी चौदा वर्षं पाहिलं होतं. घरीही तोच हिशेब लावला. आरतीने मान हलवली आणि गजेंद्रला दुसरी पाटोडी वाढली. माझ्या डब्यातली.

तिथून सुरू झालं. ती त्याच्यासाठी कानटोपी घेऊन आली. शाळेतल्या पोरांचे फोटो त्याला दाखवू लागली. माझ्या खाटेवर बसायची, पण तोंड त्याच्याकडे. माझ्याशी बोलणं म्हणजे बीपीची गोळी घेतली का, पाय दुखतो का, चष्मा सापडला का. त्याच्याशी मात्र कुण्या मुख्याध्यापिकेची नक्कल करून दाखवायची. माझ्या पोरीला नक्कल करता येते हे मला बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

दसऱ्याला तिने आणि जावयाने जुनी मोटार घेतली. गाडीचा क्लास लावून झाला होता, पण रस्त्यावर न्यायला आरती घाबरत होती. गजेंद्र म्हणाला, “डर कायचा? एवढं मोठं ग्राउंड पडलं हाय.” आणि माझ्या परेडच्या मैदानावर, जिथे मी रोज सकाळी ताठ मानेने पाच फेऱ्या मारतो, तिथे आरती मोटार फिरवू लागली. तो शेजारी बसून नुसतं “हो… हो… येऊ दे” एवढंच म्हणायचा. गाडी चार वेळा बंद पडली तर म्हणाला, गाडीच बावळी आहे.

मी तिला दहाव्या वर्षी सायकल शिकवली होती. म्हणजे शिकवायला घेतली होती. “नजर सामने! हँडल सीधा!” ती दोन दिवस पडली, तिसऱ्या दिवशी सायकल गोठ्यात लावून आली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही. मैदानाच्या कडेला उभा राहून मला ते सगळं आठवत होतं आणि अंगाचा तिळपापड होत होता.

डिसेंबरात एका रविवारी फाटकाबाहेर हॉर्न वाजला. अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत ती एकटी गाडी चालवत आली होती. मी दाढी करून, बूट चमकवून बाकावर बसलो होतो. ती गाडीतून उतरून ओरडली, “काका! एकटी आली!” गजेंद्र व्हरांड्यात उभा होता. तिच्या आणि त्याच्या अगदी मधोमध मी होतो. ती मला वळसा घालून गेली.

त्या दिवशी निघताना मी तिला म्हणालो, “पुढच्या टायमाले डबा आनू नको.”

“काहून?”

“मेसचं चांगलं असते. घरचं मले जड पडते.”

माझा डाव साधा होता. डबा नाही तर पहिला घास नाही, आणि घास नाही तर गजेंद्रची वाहवाही नाही. गजेंद्रला ऐकू गेलं का, हे मी तिरक्या डोळ्यांनी पाहत होतो. त्या नादात आरतीच्या तोंडाकडे पाहायचं राहून गेलं.

पंधरा दिवसांनी ती आली. माझ्याकडे आली तेव्हा हात रिकामे होते. बीपीची गोळी विचारली, पाय विचारला. मग गाडीतून पिशवी आणली आणि गजेंद्रच्या खाटेवर ठेवली.

“काका म्हनले होते, वांग्याचं भरीत खावं वाटते,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

गजेंद्रला बिचाऱ्याला आमच्या दोघांत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्याला फक्त रीत आठवली. डबा घेऊन तो पाय ओढत माझ्या खाटेपाशी आला, झाकण काढलं आणि घास पुढे केला. “उस्ताद, पहिला घास तुमचा.”

सगळी खोली बघत होती. ज्या माणसाने सुभेदाराला शेवेचा पुडा उघडायला लावला, तो नाही कसा म्हणणार? माझ्याच पोरीच्या हातचं भरीत मी शेजारच्या खाटेचा डबा म्हणून खाल्लं. सोबत जवसाची चटणी होती, वच्छला करायची तशी, लसूण भाजून घातलेली. बोटाला लागलेली चटणीसुद्धा मी चाटून घेतली.

“मीठ कमी हाय,” मी म्हणालो.

“उस्ताद, डबा माहा, मीठ बी माह्यं,” गजेंद्र म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. आरतीसुद्धा हसली.

मला फक्त एका गोष्टीचा धीर होता, तीही सांगतो. हल्ली पलटणघरात पहिले सहा महिने माणसाला कच्चं ठेवतात. त्या मुदतीत त्याला एक नाव द्यावं लागतं. बोलावलं की येईल, दवाखान्यात सही करेल आणि शेवटी देह ताब्यात घेईल असं कुणीतरी. त्या माणसाचीही सही लागते. गजेंद्रने पुतण्याचं नाव दिलं होतं, पण पुतण्या फोन उचलत नव्हता. मुदत माघात संपत होती. मी कॅलेंडरवर त्या तारखेकडे बघत असे. एका लंगड्या म्हाताऱ्याला इथून घालवून द्यावं म्हणून मी वाट पाहत होतो. देवाशपथ पाहत होतो.

जानेवारीच्या शेवटी ऑफिसातली प्रणाली म्हणाली, “भटकर आजोबांचं पक्कं झालं बरं का.”

“पुतन्या आला काय?”

तिने फाईल माझ्यापुढे फिरवली. नाव होतं, आरती किशोर काळमेघ. खाली तिची सही. नात्याच्या रकान्यात गजेंद्रच्या वाकड्या अक्षरात ‘लेक’.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. प्रणालीला वाटलं चक्कर आली, तिने पाणी दिलं. मग जरा अडखळत म्हणाली, “उस्ताद आजोबा, राग नका मानू, पण आता सगळ्या फायलींत तुमचाच रकाना तसा राहिलाय. तुम्ही आलात तेव्हा चालून गेलं. तिथे ‘कोणी नाही’ लिहिलंय.”

“काय लिहिलंय ते मले मालूम हाय,” मी ओरडलो आणि बाहेर आलो.

नऊ दिवस मी गजेंद्रशी बोललो नाही. खाटेची दिशा बदलून भिंतीकडे तोंड करून झोपलो. तो बोलतच राहिला. सकाळी माझा चहा आणून ठेवायचा, मी तो थंड होऊ द्यायचो. दहाव्या दिवशी तो चहा घेऊन आला नाही. बघतो तर खाटेवर कुडकुडत पडला होता, श्वास घरघरत होता. न्यूमोनिया निघाला. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि प्रणालीने फायलीतला नंबर फिरवला.

बुधवार होता. शाळेचा दिवस. मी दाढी केली, बूट चमकवले आणि बाकावर जाऊन बसलो. का बसलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन तासांच्या आत तिची गाडी फाटकातून आत आली. अकरा वर्षांत ती कधी बुधवारी आली नव्हती. तिने केस नुसते मागे बांधले होते, पायात घरातल्या चपला होत्या. मला त्या माणसाच्या तापाचासुद्धा हेवा वाटला.

ऑफिसच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं.

“बुधवारी बी येता येते म्हना,” मी म्हणालो.

ती थांबली. “बाबा, काका सीरियस हायेत. मले त्याइचे कागद घेऊन दवाखान्यात जाचं हाय.”

“त्याच्यासाठी दोन घंट्यात आली. माह्यं हर्नियाचं ऑपरेशन झालं तवा कोन आलं होतं? टाके निघाल्यावर आली तू.”

“मले कोनं सांगितलं होतं?” तिचा आवाज अगदी खाली होता. “ऑफिसवाल्याइनं कोनाले फोन करा लागत होता, बाबा? तुमच्या कागदावर कोनाचं नाव हाय?”

हे तिला ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

“तुमी लिवत होते तवा मी मागं उभी होती,” ती म्हणाली. “तुमच्या पेटीची किल्ली हातात घेऊन. तुमी लिवलं, ‘कोणी नाही’. मोठ्या अक्षरात. मले वाटलं, आता खोडतीन. खोडलं नाई. मंग तुमी किल्ली घेतली अन् म्हनले, जा आता. मी गेटपर्यंत हळूहळू चालली. वाटलं, आवाज देतीन.”

कडुनिंबाखाली कुणीतरी पाला झाडत होतं. तो खराटा थांबल्याचं मला ऐकू आलं. सगळे ऐकत होते, ऐकू देत.

“तू मले थांबवलं नाई,” मी म्हणालो. अकरा वर्षांची गाठ होती ती, शेवटी तोंडातून पडली. “बाबा, आमच्याकडंच राहा, असं दोनदा म्हनली तू. दोनदाच. तिसऱ्यांदा म्हनली असती तर मी राहिलो असतो.”

आरती माझ्याकडे बघतच राहिली. तिला रागवायचं आहे की रडायचं आहे, ते तिलाच कळत नसावं.

“तिसऱ्यांदा?” ती म्हणाली. “आपल्या घरात तिसऱ्यांदा कोन बोलत होतं, बाबा? ‘दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर याद राख.’ हे कोनाचं बोलनं होतं? आई बी दोनदाच बोलायची. डॉक्टरकडं नेता काय म्हनून तिनं तुमाले दोनदा इचारलं. अन् मंग चुप बसली.”

वच्छलाचं नाव तिने यात घ्यायला नको होतं. पण खोटं काहीच नव्हतं. मैदानावरचा माझा नियम होता तो, हुकूम दोनदा, तिसऱ्यांदा सजा. रंगरूटांसाठी चांगला नियम आहे. सुट्टीवर घरी येताना मी तो बिस्तऱ्याबरोबर आणायचो, आणि रिटायर झाल्यावर तर कायमचाच घरी घेऊन आलो. वच्छलाला कावीळ झाली तेव्हा तिने मला दोनदा विचारलं होतं हे मला आठवतं. मी म्हणालो होतो, पेरणी होऊ दे.

“गजेंद्रकाकानं काय केलं, मालूम हाय?” आरती म्हणाली. “मले इचारलं. ‘पोरी, तुह्यं नाव लिवू काय? नाई म्हनली तरी राग नाई.’ बस. एवढंच केलं त्याइनं.”

ती आत गेली. मी पायरीवर उभा राहिलो. प्रणालीने कागद दिले असतील, दोघी काहीतरी बोलत होत्या, मला शब्द लागत नव्हते. आरती बाहेर आली ती गजेंद्रची कपड्यांची पिशवी खांद्याला लावून. माझ्यासमोरून गाडीकडे गेली. मी तिच्यामागे गेलो. बूट करकर वाजत होते. आयुष्यभर त्या आवाजाचा मला अभिमान होता, आज लाज वाटली.

“आरती,” मी म्हणालो. “माह्या कागदावर तुह्यं नाव लिवू काय?”

आवाज मैदानावरचाच निघाला, हुकूम दिल्यासारखा. तिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

“लिवू काय?”

हे जरा कमी आवाजात आलं. तिने गाडीचं दार उघडलं, पण आत बसली नाही. दाराला हात लावून माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं बोलेल. तिची दवाखान्यात जायची घाई होती, तरी ती उभी होती.

शहात्तर वर्षांत मी कुणालाही एक गोष्ट तिसऱ्यांदा विचारली नव्हती. कमांडिंग ऑफिसरला नाही, वच्छलाला नाही, देवाला नाही. नाही म्हणाली तर? ती नाही म्हणू शकते, आणि तसा तिला हक्क आहे, हे मला त्या दाराजवळ पहिल्यांदा कळत होतं. मी गाडीच्या टपावर हात टेकला.

“पोरी,” मी म्हणालो, “लिवू काय तुह्यं नाव? नाई म्हनली तरी… ”

पुढचं मला म्हणता आलं नाही. गजेंद्रला जमलं होतं ते, मला जमलं नाही.

आरतीने ओढणीने नाक पुसलं. मग एकदम जोरात पुसलं, शाळेतल्या पोराचं पुसावं तसं.

“प्रणालीले सांगा, कागद काढून ठेव म्हना,” ती म्हणाली. “दवाखान्यातून आली की सही करतो.”

“आताच कर ना. एक मिनिटाचं काम हाय.”

“नाई. आधी काका.”

तिथेही तो पहिला. मला राग आला. प्रणालीला खिडकीतून कागदाचं सांगितलं, आणि त्या रागासकट मी गाडीत जाऊन बसलो.